पोराची सही

सिनेमासाठी पोर निवडायला शूटिंगवाले आमच्या सीमाभागातल्या शाळेत येतात ते बहुतेक दुपारच्या सुट्टीच्या आधी. गाव खानापुरातलं असो, चंदगडातलं असो की निपाणीकडचं, रीत ठरलेली. दोन सहाय्यक दिग्दर्शक, स्टँडवर एक मोबाईल, गुरुजींच्या ऑफिसात चहा. चौथी ते सातवीची पोरं ओळीनं उभी राहतात आणि प्रत्येकाला नाव, इयत्ता, घरी कोण कोण असतं एवढंच विचारतात. उत्तराशी त्यांना देणंघेणं नसतं. समोर मोबाईल आहे हे पोर किती लवकर विसरतंय, तेवढं बघायचं असतं. दोनतीनशेतून वीस राहतात, विसातली चार कोल्हापूरला बोलावतात आणि मग एका घरी फोन जातो.

त्या फोनचा आनंद खराच असतो. देवापुढं साखर ठेवली जाते, गल्लीत पेढे फिरतात. आठ दिवसांनी कागद येतो. चार पानं, बहुतेक इंग्रजीत, शेवटी सहीची जागा. ज्याचं नाव त्या चारी पानांवर आहे त्याला मात्र सही करता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं १८ पुरी न झालेल्याचा करार हा करारच नव्हे. त्यामुळं सही बाप करतो, किंवा आई. आपल्याकडच्या जुन्या दस्तांत अशा पोराला ‘अज्ञान’ म्हणतात. महाराष्ट्राकडच्या सातबाऱ्यावर अजून ‘अ. पा. क.’ लिहिलेलं दिसतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. शब्द कायद्याचा आहे, पण सेटवर तो अगदी शब्दशः खरा होतो. आपण किती वाजता सुटणार, आपल्याला किती मिळणार आणि ते कुठं जाणार, हे त्या सगळ्या गर्दीत फक्त त्यालाच माहीत नसतं. मोठेपणी उद्ध्वस्त झालेल्या बालकलाकारांच्या कहाण्या आपण दारू, एकटेपणा, हुकलेल्या भूमिका अशा शेवटाकडून वाचतो. त्याच कहाण्या सुरुवातीकडून वाचल्या तर त्यातल्या बऱ्याचशा या सहीपाशी निघतात.

कायदा कागदावर बरा आहे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही धंद्यात कामाला लावायची बंदी आली. तिच्यात दोन सवलती ठेवल्या. एक, शाळा सांभाळून घरच्या धंद्याला हातभार. दुसरी, कलाकार म्हणून काम, त्यातून सर्कस वगळून. २०१७ च्या नियमांनी या दुसऱ्या सवलतीला कुंपण घातलं. दिवसाला ५ तासांच्या वर काम नको, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नको, ओळीनं २७ दिवसांच्या वर नको. ज्या जिल्ह्यात शूटिंग तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. निर्मात्याच्या हमीपत्राची मुदत ६ महिने. जास्तीत जास्त ५ मुलांमागं एक जबाबदार माणूस. शाळा बुडू द्यायची नाही. आणि कमाईतला निदान २० टक्के वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं ठेवीत टाकायचा, तोही थेट, पालकांच्या हातातून न जाता.

आता हे सेटवर कसं विरतं ते बघू.

सिनेमाची पाळी १२ तासांची, सकाळी ९ ते रात्री ९. पोराला साडेसहाला उठवून गाडीत घालतात, ८ ला मेकअप, मग प्रकाश जुळेपर्यंत बसून राहणं, पहिला शॉट ११ ला. निर्मितीवाले तास मोजतात ते कॅमेरा फिरल्यापासून. मधलं बसणं, कपडे बदलणं, गाडीतले दोन तास त्यांच्या हिशोबात येतच नाहीत, पोराच्या अंगात मात्र सगळं जमा होतं. उपाय एकच, आणि तो फार साधा आहे. सोबत जाणाऱ्यानं दोनशे पानी वही ठेवायची. हॉटेलातून निघालो कधी, मेकअपला बसलो कधी, जेवलो कधी, सुटलो कधी, आणि रोज रात्री त्याखाली प्रॉडक्शन मॅनेजरची सही. पहिल्या दिवशी तो हसतो. चौथ्या दिवसापासून पोर वेळेवर सुटायला लागतं.

२७ दिवसांचंही तसंच. छोट्या मराठी सिनेमाचं सगळं शूटिंग एका दमात, महिनाभरात उरकायचं असतं. कॅमेरा, जनरेटर, माणसांची राहणी यांचं भाडं रोजाचं, म्हणून मध्ये सुट्टी कुणालाच परवडत नाही. मग कागदावर एक सुट्टी दाखवायची आणि त्या दिवशी ‘फक्त दोन पासिंग शॉट’ घ्यायचे.

‘जबाबदार माणूस’ हा तर सगळ्यांत पोकळ शब्द. यादीत नाव घालायचं म्हणून वेशभूषेतल्या एखाद्या मुलीचं नाव घालतात आणि तिला ते माहीतही नसतं. हा नियम का आला हे समजायला डेझी इराणी यांचं उदाहरण पुरेसं आहे. १९५० च्या दशकात हिंदी पडद्यावर त्या घराघरांत माहीत होत्या, बहुतेक वेळा मुलाच्याच वेशात. मद्रासच्या शूटिंगला सोबत म्हणून पाठवलेल्या माणसानंच सहाव्या वर्षी आपल्यावर बलात्कार केला, हे त्यांनी २०१८ साली जाहीरपणे सांगितलं. सहा दशकं गेली मध्ये. म्हणून ‘आमचे पाहुणे आहेत की कोल्हापुरात, ते बघतील’ हे वाक्य आपल्याकडं जितक्या सहज बोललं जातं तितक्या सहज बोलू नये. सोबत आई किंवा बाप, आणि पोर ज्या खोलीत झोपतं त्याच खोलीत. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पोराला तोंडपाठ.

रडण्याचा प्रसंग आला की दिग्दर्शकाची खरी परीक्षा. ग्लिसरीन आहे, डोळ्यांखाली लावायची मेंथॉलची कांडी आहे. पण लहानग्याला ती चुरचुरते आणि डोळे लाल होऊन पुढचा शॉट बिघडतो. म्हणून काहीजण आडवाट धरतात. ‘तुझी आई गावाला गेली, आता येणार नाही.’ हे जुनंच आहे. हॉलिवूडच्या जॅकी कूपरला १९३१ च्या सिनेमात रडवायचं होतं, तर दिग्दर्शकानं, जो त्याच्या मावशीचा नवराच होता, त्याच्या कुत्र्याला गोळी घालायची बतावणी केली. पोर रडलं. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, दिग्दर्शकाला ऑस्कर. पन्नास वर्षांनी कूपरनं आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याचं नावच त्या कुत्र्यावरून ठेवलं. प्रेक्षकांनी ज्या रडण्याला टाळ्या दिल्या ते त्यानं आयुष्यभर बाळगलं. चांगला दिग्दर्शक आधी पंधरा दिवस कार्यशाळा घेतो, पोराला गोष्ट सांगतो, रडायचं म्हणजे खोटं खोटं हे त्याला पक्कं कळू देतो, आणि शॉट झाल्यावर लगेच त्याला त्यातून बाहेर काढून खेळायला सोडतो. याला वेळ लागतो, आणि वेळेचं भाडं मी वर सांगितलंच.

मग अंग. दुधाचे दात सहाव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान पडतात, नेमके दोन शूटिंगच्या मध्ये. मग खोटा दात बसवायचा किंवा तोंड मिटून संवाद घ्यायचे. तेराव्या-चौदाव्या वर्षी पोरगा वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर वाढतो. जूनमधली चड्डी जानेवारीत आखूड, मधल्या पावसात घेतलेले प्रसंग जुळत नाहीत. सगळ्यांत वाईट आवाजाचं. शूटिंग बाराव्या वर्षी, डबिंग व्हायला दहा महिने, तोवर कंठ फुटलेला. मग स्टुडिओत दुसऱ्याच कुणा पोराचा आवाज लावतात. पडद्यावर तोंड आपलं, आवाज भलत्याचा, आणि ही गोष्ट पोराला बऱ्याचदा पहिल्या खेळालाच कळते, सगळ्या गावासोबत.

आपल्या पोरांच्या बाबतीत आवाजाचा आणखी एक पेच. बेळगावी मराठी कन्नडच्या हेलात वाढलेली, तिच्यात ‘गा’ आहे, ‘की’ आहे, वाक्याचं शेपूट वर उचलायची लकब आहे. मुंबईहून लिहून आलेले संवाद ‘गावरान’ म्हणून भलत्याच कुठल्यातरी बोलीत असतात. आधी पोराची बोली गोड म्हणून त्याला निवडायचं आणि मग तीच घासून काढायची. सिनेमा चालला तर पुढची तीन वर्षं त्याला एकच काम येतं: गावाकडचा, शेंबडा, हजरजबाबी पोरगा. मिसरूड फुटली की तेही थांबतं. थांबलं असं सांगायला कुणी येत नाही. नुसते फोन येत नाहीत.

आता पैसा. समजा १,००,००० ठरले. पोराचा पॅन असेल तर निर्माता १० टक्के कर कापतो, नसेल तर २० टक्के. बरीच घरं पॅन काढत नाहीत, ‘एवढ्याशा पोराला कशाला’ म्हणून. खरं तर मुलानं स्वतःच्या कलेवर मिळवलेलं उत्पन्न करापुरतं मुलाचंच असतं, बापाच्या उत्पन्नात मिसळत नाही. पालकानं त्याच्या वतीनं विवरणपत्र भरलं की कापलेले १०,००० बहुधा परत येतात. ठेवीवरचं व्याज मात्र ज्याचं उत्पन्न जास्त त्या आईच्या किंवा बापाच्या खात्यात मोजलं जातं. कला पोराची, व्याज मात्र घराचं, असा हा विचित्र न्याय. २० टक्क्यांचे २०,००० अकराव्या वर्षी साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर अठराव्या वर्षी सुमारे ३१,००० होतात. तेवढ्यात मोठं काही होत नाही, पण कॉलेजचं एखादं वर्ष निघतं.

गळती दोन ठिकाणी. करारात २५,००० आणि बाकीचे पाकिटातून रोख, म्हणजे २० टक्के २५ हजारांवरच. दुसरी गळती घरातली. पालनकर्त्याला ‘मुलाच्या हितासाठी’ असं लिहून देऊन मुदतीआधी ठेव मोडता येते, आणि हित म्हणजे काय हे बँक फार खोदून विचारत नाही. बहिणीचं लग्न हितच, घराचा स्लॅब हितच, बापाची गाडीसुद्धा हितच, कारण पोराला शूटिंगला न्यायला लागते. यात नेहमी लबाडी असते असं नाही. कर्जात बुडालेल्या घरात कमावतं माणूस अकरा वर्षांचं असलं तरी ते कमावतं माणूसच. फक्त त्या दिवसापासून घरातलं बोलणं बदलतं. बाप रागावताना अडखळतो, आई वाढताना आधी त्याच्या ताटात वाढते, मोठा भाऊ गप्प होतो. पोराला हे कळत नाही असं समजणारी माणसं पोरांमध्ये वावरलेली नसतात. जागा किंवा फ्लॅट मुलाच्या नावानं घेतला असेल तर थोडा बचाव आहे. हिंदू पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्यानं न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो विकता येत नाही, आणि विकला तर सज्ञान झाल्यावर ३ वर्षांच्या आत दावा लावता येतो. पण आपल्याच आईबापावर दावा लावणारं पोर कोर्टाची पायरी चढायच्या आधीच निम्मं हरलेलं असतं.

हॉलिवूडच्या जॅकी कूगनचं नेमकं तेच झालं. १९२१ साली चॅप्लिनसोबत पडद्यावर आलेलं पोर जगभर पोचलं. बालपणातली त्याची कमाई तीस-चाळीस लाख डॉलर धरतात. १९३५ साली तो २१ वर्षांचा झाला तेव्हा पैसे आई आणि सावत्र बापानं उडवलेले. १९३८ साली त्यानं दावा लावला, हातात आले १,२६,००० डॉलर. अज्ञान मुलाची कमाई पालकांची, असाच तिथला कायदा होता. त्याच्या या खटल्यामुळं कॅलिफोर्नियात १९३९ साली नवा कायदा झाला. तोही भोकाभोकाचा निघाला. तो दुरुस्त होऊन कमाई मुलाचीच आणि १५ टक्के बाजूला ठेवायचे, हे ठरायला २००० साल उजाडलं. आपले २० टक्के त्याच घराण्यातले. बाकी कूगन पुढं टीव्हीवर टकलू, विचित्र काकाच्या भूमिकेत दिसला. पाहणाऱ्यांतल्या कितीतरी लोकांना हा तोच पोरगा हे ठाऊकही नव्हतं, आणि मला वाटतं त्याच्यासाठी ते बरंच होतं.

आपल्याकडची बेबी नाझ. १९५४ च्या ‘बूट पॉलिश’साठी १९५५ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तिची खास दखल घेतली गेली, तेव्हा ती अकराच्या आसपासची. मोठेपणी दुय्यम भूमिका, आणि नंतर श्रीदेवीच्या सुरुवातीच्या हिंदी सिनेमांना तिचा आवाज. श्रीदेवीही चार वर्षांची असल्यापासून कॅमेऱ्यासमोर. एका बालकलाकाराचं तोंड आणि दुसरीचा कंठ, आणि पैसे देऊन तिकीट काढणाऱ्याला याचा पत्ता नाही. शफीक सय्यद तर कर्नाटकातलाच. बेंगळुरूहून पळून मुंबईच्या रस्त्यावर गेलेला हा पोरगा, ‘सलाम बॉम्बे’साठी उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन पुढं पुन्हा बेंगळुरूत आला आणि रिक्षा चालवू लागला. वर्तमानपत्रं दर चार-पाच वर्षांनी ‘पुरस्कारविजेता रिक्षा चालवतो’ असा मथळा देतात. रिक्षा चालवणं वाईट कधीपासून झालं? त्याला चिकटवलेला ‘विजेता’ हा शब्द काढला तर तो कष्ट करून संसार चालवणारा माणूस आहे. तो शब्द त्याला उतरवता येत नाही, ही अडचण आहे.

सीमाभागात हा शब्द आणखी जड होतो. सिनेमा लागला की चौकात डिजिटल फलक लागतो: ‘सीमाभागाचा सुपुत्र’. शाल, श्रीफळ, फेटा. गणपतीत तीन मंडळं बोलावतात, पंचक्रोशीतल्या यात्रेत स्टेजवर चढवून तोच एक संवाद म्हणायला लावतात. अकरा वर्षांच्या पोरानं एका सिनेमात काम केलेलं असतं, आपण त्याच्या डोक्यावर सगळ्या भागाची मराठी अस्मिता ठेवतो. पुढच्या वर्षी त्याच खांबावर दुसऱ्या कुणाचा डिजिटल. गल्लीत त्याला त्याच्या नावानं हाक मारायचं बंद झालेलं असतं ते मात्र सुरू होत नाही. भूमिकेचंच नाव राहतं, मिश्या आल्या तरी.

कागदांची गंमत वेगळीच. समजा शूटिंग चंदगडात चार दिवस, आंबोलीत तीन, खानापूरच्या जंगलात दोन. म्हणजे कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि बेळगाव असे जिल्हे तीन, राज्यं दोन. तिकडं ‘कलेक्टर’, इकडं ‘डीसी’. परवानगी तिन्ही ठिकाणी हवी, आणि घेतलेली असते एका ठिकाणची. आधारवर नाव कन्नड आणि इंग्रजीत, त्यात नावाचा क्रम एक. शाळेच्या दाखल्यावर दुसरा. मुंबईच्या करारात आडनाव आधी. बँक या तिन्ही नावांना तीन माणसं समजते आणि ठेव अडकते. म्हणून सही करायच्या आधी आधार, पॅन, दाखला आणि पासबुक यांवर एकच स्पेलिंग करून घ्यायचं. महिना जातो, पण आधीच घालवावा.

शाळा मराठी माध्यमाची असली तरी कर्नाटकाची. कन्नड विषय आहे, आणि दहावीच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते. वर्षात दोनदा वीस-पंचवीस दिवस गेले, वर सत्कारांचे, प्रसिद्धीच्या दौऱ्याचे, की हजेरी काठावर येते. गणित आणि कन्नड हे एकदा सुटले की घरी बसून भरून निघत नाहीत. शाळेनं हजेरी ‘सांभाळून घेतो’ म्हटलं तर ते पोराच्या मुळावर येतं, हे पालकांना दहावीच्या निकालादिवशी कळतं. ‘सैराट’ नंतर रिंकू राजगुरूला गर्दीपायी शाळेत बसणं अशक्य झालं आणि दहावी बाहेरून द्यावी लागली. तिनं ती दिली, हे महत्त्वाचं.

तरलेलीही आहेतच. १९५३ च्या ‘श्यामची आई’तला श्याम, माधव वझे, पुढं इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाटकांवर जन्मभर लिहीत राहिले. १९४४ च्या ‘रामशास्त्री’तली बेबी शकुंतला मोठेपणीही नायिका झाली, आणि मग लग्न करून उमादेवी नाडगोंडे या नावानं कोल्हापुरात नांदली. कर्नाटकातल्या आगुंब्यात चित्रित झालेल्या ‘मालगुडी डेज’ या टीव्ही मालिकेतला स्वामी, मास्टर मंजुनाथ, विशीच्या आत अभिनय सोडून शिकायला गेला. पुनीत राजकुमारनं १९८५ साली मास्टर लोहित म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळवला आणि नायक म्हणून तो आला २००२ साली. मधली वर्षं त्याला घरानं पोसलं, कारण घर कन्नड सिनेमाचे मोठे नायक राजकुमार यांचं होतं. खानापूर तालुक्यातल्या घराला तेवढी वर्षं वाट बघणं परवडत नाही, म्हणून त्याचं उदाहरण आपल्या पोरांपुढं ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. वझे आणि मंजुनाथ यांचं ठेवावं. कॅमेरा नसतानाही ज्याच्यात डोकं रमेल असं काहीतरी त्यांच्या हाताशी होतं, आणि सिनेमा बंद झाला तेव्हा ते त्या वयात होते जेव्हा नवं शिकायची लाज वाटत नाही. पुढचं काम मिळेल म्हणून सतराव्या वर्षापर्यंत मुंबईत खोली घेऊन बसवलेल्या पोराला ती लाज वाटायला लागलेली असते.

मग अठरावं पुरं होतं. त्या दिवसापासून पालनकर्त्याची सही बँकेत चालत नाही आणि खातं थांबतं. पोरानं स्वतः जायचं. आधार, पॅन, दोन फोटो, नवा केवायसीचा फॉर्म, आणि नमुना सहीचं कार्ड. यात्रांतून, मंडळांतून, शाळांच्या वह्यांवर त्यानं शेकड्यानं सह्या दिलेल्या असतात, वळणदार, खाली रेघ ओढलेल्या, काही तर भूमिकेच्याच नावानं. कार्डावर तशी केली तर बाई कार्ड परत देतात: पासबुकावर आहे ते नाव लिही, आणि तिन्ही चौकोनांत सारखी आली पाहिजे. ती सारखी यायला दोन-तीन कार्डं वाया जातात. मग त्या ठेवीची पावती मागतात. पावती घरी असते, आईच्या ट्रंकेत, कात्रणांच्या खाली.